टिपणीस साहेबांचा स्विच

टिपणीस तुम्हाला काहीही सांगायचे, अगदी "आज शनिवार आहे" एवढंसुद्धा, तरी ते तुमच्या तोंडून परत ऐकल्याशिवाय तुमची सुटका नसे.

"मी काय म्हटलं? परत सांगा."

आवाज चढा नाही, चेहरा रागीट नाही. चष्म्यावरून नुसतं बघत उभे राहायचे. तुम्ही म्हणायचं, "आज शनिवार आहे." मग मान हलवून निघून जायचे.

अंबरनाथ स्टेशनबाहेरून एमआयडीसीला शेअर रिक्षा निघायच्या. टिपणीस कायम पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर. बसायच्या आधी सांगायचे, "एमआयडीसी, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे. कुठे?"

"अहो काका, रोजचेच ना तुम्ही! बसा की."

"रोजचाच आहे. कुठे?"

शेवटी मागे कोंबून बसलेल्या आम्ही बायका एका सुरात ओरडायचो, "टाकीच्या अलीकडेऽ!" तेव्हा कुठे रिक्षा हलायची.

आमच्या कारखान्याच्या डिस्पॅचमधल्या एकाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. टिपणीस स्टेजवर चढले, नवऱ्यामुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा. काय म्हटलं मी?" मुंडावळ्यांतून तो बिचारा म्हणाला, "सुखी राहा." टिपणीस प्रसन्न होऊन जेवायला गेले. आशीर्वाद कुणी कुणाला दिला, यावर परतीच्या वाटेत आमची बरीच चर्चा झाली.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात अकाउंट्सला होते. टिपणीस इन्स्ट्रुमेंटचे डिप्लोमावाले. एके काळी प्लँटवर होते, मग ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळायला आले, आणि संगणक आले तेव्हा "वायरींचं तुम्हीच बघा" म्हणून तेही त्यांच्या गळ्यात पडलं. उंच, वाळलेले, खिशात टेस्टर. लग्न केलेलं नव्हतं. बदलापूरला आईबरोबर राहायचे. आई गेल्यावर एकटेच. जेवायला कुणाच्या टेबलावर यायचे नाहीत. एक्स्चेंजच्या खोलीत दार लोटून तूप-साखर लावलेली पोळी खायचे.

अख्ख्या कारखान्यात एकच माणूस असा होता की ज्याला टिपणीस कधीच "परत सांगा" म्हणाले नाहीत. आमच्याकडे झाडू-फरशीला असलेल्या तरेमावशी. कारण तिच्याशी ते बोलायचेच नाहीत. मावशी फडकं घेऊन खोलीत आली की टिपणीस पाय वर घेऊन भिंतीकडे बघत बसायचे आणि ती जाईपर्यंत मान वळवायचे नाहीत. मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे. मावशीही त्यांच्याबद्दल कधी चकार शब्द काढायची नाही.

कारखान्याचे दिवस तेव्हा चांगले नव्हते. आमच्या मागून एक नाला जायचा. तो ज्या रंगाचा वाहील त्यावरून कुठला प्लँट चालू आहे ते कळायचं. कधी जांभळा, कधी हळदीसारखा पिवळा. त्या वर्षी नाला बराच काळ नुसता पाण्याच्या रंगाचा होता, आणि तो स्वच्छ म्हणजे काम नाही, हे आम्हाला कळत होतं. शेजारचे दोन कारखाने बंद झाले होते. त्यांच्या फाटकात वॉचमन तेवढा खुर्ची टाकून बसलेला असायचा. आमच्याकडेही स्वेच्छानिवृत्तीचं कुजबुजणं सुरू झालं होतं. ती स्वेच्छा कुणाची, हे कुणी विचारत नव्हतं.

त्यात मुंबईच्या हेड ऑफिसचा हुकूम आला, की अकाउंट्स, स्टोअर्स आणि लॅब यांचे संगणक नीट जोडा.

आधीचं जोडकाम म्हणजे टेबलांखालून गेलेली एक काळी केबल. कुणाची खुर्ची मागे सरकली आणि केबलचा सांधा हलला, की सगळं ऑफिस मुकं. मग टिपणीस टेबलांखाली रांगत शिरायचे. खालून आवाज यायचा, "पाय वर घ्या. मी काय म्हटलं?" आणि आमची अख्खी रांग पाय उचलून शाळेतल्यासारखी म्हणायची, "पाय वर घ्या!"

आता त्या केबलच्या जागी स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा, येणार होता. तो आणला उल्हासनगरच्या मोहनभाईंनी. त्यांचं कॅम्प तीनला दुकान होतं. पंख्यापासून प्रिंटरपर्यंत काय म्हणाल ते मिळायचं. स्कूटरवर दोन गुडघ्यांत खोकं धरून ते स्वतः आले.

"साईं, ये मॅनेज होनेवाला स्विच है. हबसारखा गाढव नाही. हब काय करतो, एक बोलला का सगळ्यांना ओरडून सांगतो. हा ज्याचा निरोप त्यालाच देतो. आणि तुम्ही बोलेंगे वैसाच चलेगा."

टिपणीसांनी खोक्याला हात लावला. "मी काय सांगितलं, ते हा परत सांगतो का?"

मोहनभाई माझ्याकडे बघायला लागले. "साब, मशीन है. घरवाली थोडीच है?"

एसी फक्त आमच्या खोलीत होता, म्हणून स्विचचं कपाट माझ्या टेबलाच्या डोक्यावरच भिंतीत ठोकलं. टिपणीसांनी सगळ्या इमारतीत नव्या वायरी फिरवल्या. प्रत्येक वायरीच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा. त्या रंगांच्या क्रमाने चिमट्यात धरून टोकं बसवायची. मी व्हाउचर लिहायची आणि डोक्यावर पुटपुट चालायची, "नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी..." एखादं टोक चुकलं तर ते कापून फेकायचे, त्या टोकाची माफी मागितल्यासारखं काहीतरी बोलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

वायरी झाल्यावर खरं काम आलं. स्विचला अक्कल शिकवायची. त्यासाठी एक वेगळी चपटी वायर आली होती. तिचं एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं माझ्या संगणकाच्या पाठीत. पडद्यावर पहिल्यांदा नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली. मला वाटलं, बिघडलं. टिपणीस म्हणाले, "नाही. दोघांचा बोलायचा वेग जुळत नाहीये." वेग बदलला तशी काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि तिच्या शेवटी एक चौकोन लुकलुकायला लागला, बोला म्हणून.

टिपणीस एका बोटाने टाईप करत. त्यांनी स्विचला नाव दिलं, नंबर दिला, पासवर्ड घातला. मग त्याचे तीन भाग पाडले. मला समजावून सांगितलं, "डबा एकच, पण आत तीन खोल्या. अकाउंट्सचं बोलणं लॅबला ऐकू जायचं नाही. भिंती दिसत नाहीत, पण आहेत. काय म्हटलं मी?"

"भिंती दिसत नाहीत, पण आहेत."

सगळं घालून झाल्यावर त्यांनी एक शब्द टाईप केला आणि जे जे सांगितलं होतं, ते सगळं स्विचने पडद्यावर ओळीने दाखवलं.

टिपणीस खुर्चीतून उठले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. "सामंतबाई, बघा! परत सांगतोय!"

आणि वीज गेली. नव्या यूपीएसच्या बॅटरीची जोडणी व्हायची होती. वीज परत आली तेव्हा स्विचमध्ये ना नाव, ना नंबर, ना खोल्या. मोहनभाईंच्या खोक्यातून निघाला तसा कोरा. सांगितलेलं पाठ करून घ्यायची एक वेगळी आज्ञा असते, ती द्यायची राहिली होती.

"परत सांगितलं होतं त्यानं," टिपणीस म्हणाले. "सांगितलं, पण ठेवून घेतलं नव्हतं."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पुन्हा घातलं आणि पाठ करून घेतलं.

स्विच चालू झाला आणि लोकांनी टिपणीसांशी बोलणं टाकलं. कारण बातमी फुटली होती. आता आमचे हिशोब मुंबईत बसून दिसणार, मग इथे एवढी माणसं कशाला? कॅन्टीनमध्ये टिपणीस चहाला आले की टेबलं गप्प व्हायची. स्विचला सगळे "टिपणीसचा डबा" म्हणायला लागले, आणि "डब्यानं खाल्लं" असं एकमेकांना चेष्टेत म्हणायचे. त्या चेष्टेत कुणी हसायचं नाही.

मी एकदा सरळ विचारलं, "साहेब, हे खरं का हो?"

"असावं. मला वायरी सांगितल्यात, माणसांचं काही सांगितलेलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "त्यात मीही असणार. डबा बसवून झाल्यावर डबा बसवणारा कशाला हवा?"

त्या स्विचमध्ये एक सोय होती. एखाद्या वायरीची दोन्ही टोकं चुकून त्याच जाळ्यात जोडली गेली, तर निरोप आतल्या आत गोल फिरत राहतात आणि वाढत वाढत सगळं बंद पाडतात. स्विच ते आधी ओळखतो आणि एक तोंड बंद करून टाकतो. पण या सोयीमुळे रोज सकाळी प्रत्येक संगणकाला जोडणी मिळायला जरा वेळ लागायचा. लोक करवादले, मॅनेजरांकडे तक्रार गेली. मॅनेजर आमच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "टिपणीस, ती भानगड बंद करा. कोण कशाला वायर उलटी लावतंय?" टिपणीसांनी त्यांच्याकडून ते वाक्य परत म्हणवून घेतलं आणि सोय बंद केली.

मग हेड ऑफिसचे साहेब पाहणीला आले तो दिवस. सकाळपासून धावपळ. आमच्या खोलीत एक टेबल रिकामं होतं. तिथल्या भिंतीतल्या खोबणीतून एक वायर लोंबत होती आणि तिचं दुसरं टोक फरशीवर पडलेलं होतं. तरेमावशी फरशी पुसत आली. टोक ओलं होईल म्हणून तिने ते उचललं, पदराने पुसलं आणि शेजारच्या रिकाम्या खोबणीत नीट बसवलं. टक् असा आवाज झाला. मी समोरच होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं दिसलं.

थोड्याच वेळात माझा संगणक थिजला. मग शेजारचा. मग स्टोअर्समधून ओरडा आला, मग लॅबमधून. त्या न दिसणाऱ्या भिंती काही कामाला आल्या नाहीत, कारण डबाच गुदमरला होता. मी वर पाहिलं तर स्विचचे सगळे हिरवे दिवे एकदम, धाप लागल्यासारखे लुकलुकत होते. हेड ऑफिसचे साहेब मॅनेजरांबरोबर नेमके दारात उभे.

टिपणीस आले. दिव्यांकडे एकदा पाहिलं, मग एकेक वायर काढून बघत गेले. शेवटी भिंतीपाशी गुडघ्यांवर बसले आणि ती वायर त्यांना दिसली. फरशी अजून ओली होती. दाराजवळ मावशी बादली धरून उभी होती. आपल्या हातून काहीतरी झालंय एवढं तिला कळलं होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. टिपणीसांनी ओल्या फरशीकडे पाहिलं, मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मावशीकडे पाहिलं. आणि वायर उपसली. दिवे शांत झाले.

"काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"एक वायर दोन्हीकडून लागली होती."

"आपोआप लागते? हे मुद्दाम केलंय. इथल्या लोकांना हे नकोच आहे, मला माहीत आहे. कोणी लावली? मला नाव पाहिजे."

मॅनेजर बुटांकडे बघत होते.

टिपणीस उठले. गुडघ्यांवर ओले डाग पडले होते. "मी लावली," ते म्हणाले. "तपासताना राहून गेली. आणि हे होऊ नये म्हणून स्विचमध्ये सोय असते, तीही मीच बंद ठेवली होती."

"कोणाला विचारून?"

"कोणाला नाही. माझी चूक."

पुढच्या महिन्यात स्वेच्छानिवृत्तीची पहिली नावं लागली. त्यात टिपणीस सगळ्यांत वर होते. त्यांनी सही केली. कॅन्टीनमध्ये सामोसे झाले. भाषण कुणी केलं नाही. ज्यांनी महिनाभर त्यांच्याकडे पाठ फिरवली होती, ते लोक हातात बशी घेऊन भिंतीला लागून उभे होते. टिपणीसांनी मला कपाटाची किल्ली दिली, स्विचचा पासवर्ड सांगितला, माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि रोजच्या रिक्षाने गेले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तरेमावशीने मला गाठलं. तिने भिंतीला हात लावला आणि तशीच पायरीवर बसली.

"ताई, त्या मान्सानं दुसऱ्यांदा घेतलानी अंगावर. आता मना जेवन जात नाय."

"दुसऱ्यांदा म्हणजे?"

तेव्हा मला कळलं. मावशीचा नवरा जगन्नाथ आमच्याच प्लँटवर ऑपरेटर होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी लागायच्या आधीची. टिपणीस वरच्या पॅनेलवर, जगन्नाथ खाली रिॲक्टरपाशी. कुठलासा सांधा उघडा होता. टिपणीसांनी इंटरकॉमवरून सांगितलं, "वाफ सोडू नका." आणि वाफ सुटली. जगन्नाथचा चेहरा भाजला, दोन्ही डोळे गेले. चौकशीत टिपणीस म्हणाले, माझं बोलणं त्याला नीट पोचलं नसणार, आवाज फार होता, मी परत विचारून घ्यायला हवं होतं. चौकशीने तेच मान्य केलं. जगन्नाथला भरपाई मिळाली, मावशी त्याच्या जागी फरशी पुसायला लागली, आणि टिपणीसांनी प्लँट सोडला तो कायमचाच.

"मंग त्यांनी परत सांगा, परत सांगा चालू केलानी," मावशी म्हणाली. "तुमी हसाच्या. मना हसू नाय यायचं."

"अगं, मग आता...?"

"आमच्या मान्साला त्यांच्याशी बोलाचंय. कंदीचं बोलाचंय. तुमी घेऊन या त्यांना."

रविवारी मी बदलापूर पश्चिमेला टिपणीसांच्या घरी गेले. दोन खोल्या. आईचा पलंग अजून घातलेला, त्यावर चादर ताणून बसवलेली. टिपणीस बनियनवर होते. मला बघून शर्ट शोधायला लागले. मावशीचं नाव काढताच त्यांचे हात बटणांवरच थांबले.

"तरेंच्या घरी?"

"हो. बोलावलंय."

ते म्हणाले, "बोलायचं असेल त्यांना मला. बरोबर आहे. बोलू दे." आणि उरलेली बटणं लावली.

बारवी धरणाच्या रस्त्यावर एसटीतून उतरून आत चालत गेलं की त्यांचा पाडा. भाताची खाचरं कापून झाली होती. घराच्या ओट्यावर गोधडी टाकून जगन्नाथ बसला होता. अर्धा चेहरा गुळगुळीत, ताणलेला, गुलाबी. त्या डागांच्या मधल्या जागांतून दाढीचे पांढरे झुपके वाढलेले, कात्रीने वेडेवाकडे कापलेले. पावलं ऐकून त्याने मान वर केली.

"सायेब?"

"हो," टिपणीस म्हणाले. ओट्याखालीच उभे राहिले.

"बसा. ही बोलली मना, कंपनीत काय झालं त्ये. तिच्यापायी तुमची नोकरी गेली."

"नाही. ती जाणारच होती."

"आसंल. पन मना येक सांगाचंय." जगन्नाथने ओठ पुसले. "त्या दिशी मना बराबर ऐकू आलं व्हतं. सोडू नका, आसंच बोललं तुमी. मी वाल आजून घट बंद कराया गेलो. न् हात उलटा फिरला. माजा हात चुकला, सायेब. तुमचं बोलनं नाय चुकलं."

टिपणीसांनी चष्मा काढला.

"चौकशीत बोललो आसतो तं माजीच चूक ठरली आसती. भरपाई नाय, हिला काम नाय. डोले गेलेलं. दोन पोरी व्हत्या. तुमी आपनहून बोललं, त्याला ऐकू नाय गेलं, मी गप ऱ्हायलो. मना वाटलं, सायेब मानूस हाय, त्याचं काय जातंय. पन ही घरी येऊन सांगाची ना, सायेब आसं करतान, तसं करतान, कोनाशी बोलत नाय... तवा मना कललं, काय गेलं त्ये."

मावशी दारात बसून पदराने तोंड दाबून रडत होती. टिपणीस वळले आणि खाचरांकडे चालायला लागले. मला वाटलं, गेले. रागावून निघाले असतील तर त्यात चूक तरी काय? पण ते बांधापर्यंत जाऊन थांबले. मग परत आले आणि जगन्नाथच्या समोर, ओट्याच्या कडेवर टेकले. त्याच्या चेहऱ्याकडे जवळून बघितलं.

"दाढी कोण करतं तुमची?" त्यांनी विचारलं.

जगन्नाथ गोंधळला. "न्हावी घाबरतो. बोलतो, कातडी पातल हाय, कापंल. हीच कातरते कंदीमंदी."

"हं," टिपणीस म्हणाले.

मावशीने तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. टिपणीस सगळ्यांबरोबर बसून जेवले.

परत येताना एसटीच्या थांब्यावर ते मला म्हणाले, "मला आता बरं वाटायला पाहिजे, नाही का सामंतबाई?"

"वाटत नाही?"

"नाही." रस्त्याकडे बघत राहिले. "त्या दिवसावर मी सगळं रचलं होतं. आईनं दोन स्थळं आणली होती, तीही मी त्याच्यापायी मोडली. म्हटलं, ज्याचं एक वाक्य धड पोचत नाही, त्यानं घर कशाला करावं? आणि वाक्य तर पोचलेलं होतं."

एसटी आली.

वर्षभरात आमचा कारखाना बंद पडला. शेवटच्या आठवड्यात मुंबईहून दोन माणसं येऊन स्विच काढून घेऊन गेली. भिंतीवर चार भोकं राहिली. मला बदलापूरच्या एका पतपेढीत नोकरी मिळाली. मावशीला कुठेच मिळाली नाही. ती भाजी घेऊन बाजारात बसायला लागली. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा आहेराची साडी द्यायला मी रविवारचीच पाड्यावर गेले.

ओट्यावर जगन्नाथ भिंतीला टेकून, तोंड वर करून बसला होता. गळ्याभोवती पंचा. समोर पाटावर टिपणीस. वाटीत साबणाचा फेस, हातात वस्तरा. दर रविवारी येतात, मावशी मला आतून हळूच म्हणाली, पहिल्या गाडीने.

मी दारातून बघत राहिले. टिपणीस डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती पातळ कातडी ताणून धरत आणि वस्तरा असा नेत, की जणू श्वास लागला तरी ती फाटेल. एका डागाच्या कडेने जायचे, थांबायचे, बोटाने चाचपायचे, मग पुढे. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. शेवटी टिपणीसांनी ओल्या फडक्याने चेहरा पुसला आणि उन्हाकडे वळवून बघितला. कुठेही एक केस राहिलेला नव्हता.

"झाली, सायेब?" जगन्नाथने विचारलं.

टिपणीसांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणापलीकडच्या एसटीच्या रस्त्याकडे.

"थोडी राहिलीय," ते म्हणाले. "बसा." आणि ब्रश पुन्हा फेसात बुडवला.